शंभराचे सोवळे

दिवाळीत कुणाच्या अंगावर धावून जाऊ नये, असा संकेत आहे. फराळाच्या ताटासमोर बसलेल्या माणसाने तोंड गोड ठेवावे, हे मलाही मान्य आहे. परंतु ज्या एका खोट्या मतामुळे दरवर्षी नेमके याच चार दिवसांत, याच दिव्यांच्या उजेडात, घरोघरी नुकसान होते, त्याचा समाचार दुसऱ्या कोणत्या मुहूर्तावर घ्यावा? ते मत असे : 'कॅमेऱ्याचा आयएसओ शंभरावर ठेवावा, म्हणजे चित्र स्वच्छ येते, तो वाढवला की चित्रात नॉइज शिरतो.'

नॉइज म्हणजे काय, हे बहुतेकांनी पाहिलेले असते. नाव तेवढे ठाऊक नसते. समईच्या उजेडात आजीचा फोटो काढावा आणि तिच्या गालावर, मागच्या भिंतीवर, लुगड्याच्या काठावर तांबडे-हिरवे कण रवा सांडल्यासारखे दिसावेत, तो नॉइज. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ गोंगाट. फटाक्यांचा गोंगाट निदान चार दिवसांनी थांबतो. हा मात्र फोटोत कायमचा राहतो.

या गोंगाटावर उतारा म्हणून आमच्या हौशी छायाचित्रकारांनी एक सोवळे निर्माण केले आहे. शंभर आयएसओ म्हणजे रेशमी मुकटा. चारशे म्हणजे जरा ओवळे, पण चालवून घेता येईल असे. बत्तीसशे म्हणजे सरळ प्रायश्चित्त! 'मी कधीच चारशेच्या वर जात नाही,' असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ मला भेटले आहेत. त्यांच्या दिवाळीच्या चित्रांत ज्योती तेवढ्या दिसतात. माणसे असावीत असा तर्क करावा लागतो. मग हेच गृहस्थ संगणकावर ते चित्र खेचून उजळवतात, अंधारातून दाणेदार चेहरे वर येतात, आणि ते म्हणतात, 'कॅमेरा जुना झाला, नवा घ्यायला हवा.'

माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेलेले नाही. पण या प्रश्नाला मॅट्रिकचे गणितही जास्तच होते. कॅमेऱ्यात उजेड किती शिरतो, हे तीन गोष्टींवर ठरते : समोर उजेड किती आहे, भिंगाचे भोक किती मोठे उघडले आहे, आणि पापणी किती वेळ उघडी आहे. या तिघांत आयएसओ कोठेही नाही. उजेड आत येऊन सेन्सरवर पडला, त्याची वीज झाली, की मग ती किती वाढवून दाखवायची, हे सांगणारी ती कळ आहे. सभेत वक्ता पुटपुटत असला की कर्ण्याचा आवाज वाढवावा लागतो आणि त्याबरोबर खरखरही ऐकू येते. त्या खरखरीबद्दल कर्ण्याला शिव्या देणारा श्रोता शहाणा म्हणावा काय? वक्त्याला मोठ्याने बोलायला सांगावे, हा खरा उपाय.

हे सोवळे आले कोठून, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे, कारण ते मुळात खोटे नव्हते. फिल्मच्या काळी आयएसओ हा खरोखरच फिल्मचा गुणधर्म होता. जलद फिल्मवर चांदीच्या क्षारांचे कण मोठे, म्हणून चित्र रवाळ. मंद फिल्मवर कण बारीक, म्हणून चित्र मुलायम. अनुभवी माणसे शंभराची फिल्म घ्यायला सांगत, ते बरोबरच होते. पुढे फिल्म गेली आणि सेन्सर आला. १९७५ साली कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तेव्हा एक चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. तेव्हापासून यंत्र पार बदलले, पण उपदेश तोच राहिला. १९९८ साली डिजिटल कॅमेऱ्यांसाठी आयएसओचे निराळे प्रमाण ठरले, त्यातही जुने आकडे कायम राहिले, आणि आकडे तेच म्हणून लोकांना वाटले की अर्थही तोच. आमच्याकडे विहीर बुजली तरी तिच्यावरचे नवस चालू राहतात, त्यातलाच हा प्रकार.

मग नॉइज येतो कशाने? उजेडाच्या तुटवड्याने. अंगणात शंभर वाट्या मांडा आणि वळवाची एक हलकी सर येऊन जाऊ द्या. प्रत्येक वाटीत सरासरी नऊ थेंब पडले असे धरू. पण नेमके नऊ सगळ्यांत पडत नाहीत. कुणाला सहा, कुणाला बारा. तीनाचा फरक नवात म्हणजे एक-तृतीयांशाचा घोटाळा! आता तोच पाऊस शंभरपट वेळ पडू द्या. सरासरी नऊशे थेंब झाले, फरक तीसाचा. तीस म्हणजे तीनाच्या दसपट खरे, पण नऊशेत तीस म्हणजे तिसावा हिस्सा. वाट्या जवळपास सारख्याच भरलेल्या दिसतील. सेन्सरवरचे बारीक ठिपके म्हणजे या वाट्या आणि उजेड म्हणजे हे थेंब. तोही असाच सुटा सुटा, अनियमितपणे पडतो. उजेड चौपट मिळाला तर गोंगाट प्रमाणाने निम्मा होतो. हा निसर्गाचा हिशेब आहे. कोणत्याही कंपनीला तो चुकवता आलेला नाही. यंत्राची स्वतःची खरखर असते ती वेगळी, पण आजच्या कॅमेऱ्यांत ती मुख्यतः गडद भागांतच जाणवते.

यावर सोवळेकरी म्हणतात, 'पण आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे! आयएसओ वाढवला की नॉइज वाढतो.' पाहिले असेल. छत्र्या उघडल्या की पाऊस पडतो, हेही डोळ्यांनी दिसते. कॅमेरा स्वयंचलित ठेवून तुम्ही आयएसओ वाढवता, तेव्हा कॅमेरा गुपचूप पापणी लवकर मिटतो किंवा भोक लहान करतो. उजेड कमी केला त्याने, आणि आळ आला आयएसओवर. खरी परीक्षा घ्यायची तर कॅमेरा स्टुलावर ठेवा, भोक आणि वेळ दोन्ही कायम ठेवा, आणि रॉ फाइलमध्ये एक चित्र शंभरावर व एक सोळाशेवर घ्या. मग शंभराचे चित्र संगणकावर सोळापट उजळवा आणि दोन्ही शेजारी ठेवा. सोळाशेचे चित्र शंभराइतकेच स्वच्छ दिसेल. पुष्कळ कॅमेऱ्यांत तर गडद भागांत त्याहून स्वच्छ. आयएसओ वाढवण्याची किंमत आहे, नाही असे नाही : उजळ भाग लवकर जळून कोरे पांढरे होतात. म्हणून आधी उजेड गोळा करावा, आणि तो आणखी मिळणे शक्य नसेल तेव्हाच ही कळ फिरवावी. पण फिरवताना लाजण्याचे कारण नाही.

उजेड गोळा करण्याची ही गोष्ट २००३ साली मायकेल राइकमन या कॅनडातल्या छायाचित्रकाराने फोटोशॉपच्या जनकांपैकी एक असलेल्या थॉमस नोल यांच्याशी झालेल्या बोलण्यावरून लिहून काढली आणि ती जगभर गेली. तिचे सार असे : कॅमेऱ्याच्या आलेखाचा डोंगर उजव्या कडेला टेकेपर्यंत उजेड घ्यावा, पण कडेवरून सांडू देऊ नये, मग हवे तर नंतर गडद करावे. राइकमनने याचे कारण आकड्यांच्या पायऱ्यांत शोधले होते, आणि ते फारसे टिकले नाही. खरे कारण वाट्या आणि थेंब हेच. उपदेश मात्र टिकला.

आणि तो आपल्याला नवा नसावा. सावळाराम हळदणकरांचे ते दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि त्याची नक्कल न पाहिलेले मराठी घर विरळा. १९४०च्या दशकात त्यांनी आपल्याच मुलीला समोर उभे करून ते काढले. ज्योतीवर तिने हात धरला आहे आणि उजेड बोटांतून गाळून तिच्या चेहऱ्यावर आला आहे. जलरंगवाल्याची शिस्त कशी असते? उजळ जागा कागदाचीच राखायची आणि हळूहळू गडद करत जायचे, कारण गडदावरून मागे येता येत नाही. दिव्याच्या उजेडात माणूस कसा पाहावा, हे ज्याला शिकायचे आहे त्याने दुकानदाराकडे जाण्यापूर्वी या चित्रासमोर दहा मिनिटे उभे राहावे.

आता ज्यामुळे मी लेखणी उचलली त्या गोष्टीकडे येतो. शाळेत दरवर्षी वर्गाचा फोटो निघतो. भर उन्हात, पांढऱ्या सदऱ्यांच्या चाळीस मुलांची रांग. कॅमेऱ्याच्या मापकाला जग राखाडी असावे असे वाटते. पांढरे दिसले की तो ते राखाडी करायला निघतो आणि उजेड कापतो. सदरे राखाडी होतात, आणि सावळ्या मुलांचे चेहरे कोळसा. मग छायाचित्रकार संगणकावर बसून सगळ्यांना एकजात 'उजळ' करून देतो. एका वर्षी आठवीतली एक मुलगी फोटोतल्या आपल्याच चेहऱ्यावर बोट ठेवून मला म्हणाली, 'सर, ही मी आहे का?' तिथे एक पिठासारखा पांढरट, डोळे-भुवया पुसट झालेला चेहरा होता. नाकाच्या बाजूची सावली गेली होती, हनुवटीवरचा व्रणही गेला होता. ती गोरी झाली नव्हती. नाहीशी झाली होती. त्या माणसाने चाळीस मुलांना दहा पावले बाजूला, वडाच्या सावलीत उभे केले असते आणि मापकाच्या सांगण्याहून एक-दीड पायरी जास्त उजेड घेतला असता, तर ती जशी आहे तशी आली असती. पण त्याचे म्हणणे : 'जास्त उजेड घेतला की फोटो फुटतो, सर.' हेच ते सोवळे!

हा काही एकट्या त्या गृहस्थाचा अपराध नव्हे. रंगीत फोटोंचे रंग जुळवण्यासाठी कोडॅककडून प्रयोगशाळांना एका गोऱ्या तरुणीचे चित्र नमुना म्हणून जाई. 'शर्ली कार्ड' म्हणत त्याला. ती ठीक दिसली की सारे जग ठीक. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया त्या कार्डावर यायला १९९०चे दशक उजाडावे लागले, आणि गूगलने गडद कांती नीट दिसावी म्हणून 'रिअल टोन' नावाची व्यवस्था पिक्सेल ६ फोनात आणली ती २०२१ साली. पण जो देश बहुतांशी सावळा आहे, त्या देशातल्या छायाचित्रकाराने या दुरुस्तीची वाट पाहत का बसावे?

कुणी म्हणेल, 'आता एवढा खटाटोप कशाला? फोन सगळे आपोआप करतो.' करतो, आणि त्यातला अर्धा भाग उत्तम करतो. रात्रीच्या वेळी फोन एकामागून एक अनेक चित्रे घेऊन ती एकावर एक बसवतो. म्हणजे सरी लहान, पण पुष्कळ. सोळा चित्रांची सरासरी काढली की गोंगाट एक-चतुर्थांश होतो. ही प्रामाणिक वाट्यांचीच युक्ती आहे आणि तिला माझा नमस्कार. भांडण आहे ते पुढच्या रबराशी. एवढे करूनही जो नॉइज उरतो तो पुसण्यासाठी यंत्र रबर फिरवते, आणि त्या बिचाऱ्याला नॉइज कोणता आणि आजीची सुरकुती कोणती, हे नेहमीच कळते असे नाही. तुटवडा जितका मोठा, तितके रबर जाड. आणि जिथे पुसून भागत नाही तिथे यंत्र आता मनाने भरते. २०२३ साली एका माणसाने मुद्दाम धूसर केलेले चंद्राचे चित्र पडद्यावर लावून एका नामांकित फोनने टिपले, तर त्या फोनने चंद्रावरचे खळगे स्वतःच काढून दिले! चंद्राचे खळगे सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून ती थाप पकडली गेली. तुमच्या आजीच्या सुरकुत्या तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक आहेत?

तेव्हा या दिवाळीत सोवळे खुंटीला टांगावे. आकाशकंदिलाखाली सगळ्यांचा फोटो मिट्ट काळोखात काढण्याचा हट्ट कशासाठी? सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, दिवेलागणीला, आभाळात अजून निळा उजेड असतो; तो चेहऱ्यांवर येतो आणि कंदीलही पेटलेला दिसतो. पणत्यांची रांग काढायची तर कॅमेरा स्टुलावर ठेवून, दोन सेकंदांचा टायमर लावून, पापणी सबंध एक सेकंद उघडी ठेवा. पणत्या काही पळून जात नाहीत. एक सेकंद म्हणजे एक-तीसांश सेकंदाच्या तीसपट उजेड, आणि तोही फुकट. आजीला बसवायचे तर समई चार फुटांवरून दोन फुटांवर आणा. उजेड चौपट होतो. पदर तेवढा जपावा. ज्योत जळून पांढरी झाली तर होऊ द्या, आजीचा चेहरा मोजा. अभ्यंगस्नानाच्या पहाटे उटण्याला कंटाळून पाटावरून पळणारी पोरे मात्र एक सेकंद थांबणार नाहीत. तिथे भोक पूर्ण उघडून आयएसओ खुशाल बत्तीसशेवर न्या. थोडे दाणे दिसतील. पोरेही दिसतील.

आणि नवा कॅमेरा? दुकानदार सांगतो ते खोटे नाही, मोठा सेन्सर जास्त उजेड घेतो. पण हिशेब मांडून पाहा. नेहमीच्या हौशी कॅमेऱ्याच्या सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे ३७० चौरस मिलिमीटर, आणि महागड्या 'फुल फ्रेम'चे ८६४. म्हणजे सव्वादोन पटीहून थोडा जास्त उजेड, एका पायरीपेक्षा जरासा अधिक. याउलट कॅमेऱ्याबरोबर आलेले भिंग पुढे ओढल्यावर एफ ५.६वर अडते, त्याजागी पन्नास मिलिमीटरचे एफ १.८चे साधे भिंग लावले तर उजेड साडेनऊ पटींहून जास्त. हे भिंग बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त भिंगांपैकी एक असते, आणि दुकानात ते काचेच्या कपाटात अगदी खालच्या फळीवर ठेवलेले सापडते. मागितल्याशिवाय दाखवत नाहीत.