साम्राज्याचा खेळ आणि खेळांत न दिसणारी रयत

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या दिवशीं इयत्ता नववींतील एक विद्यार्थी मोठ्या उत्साहानें माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, सुटींत मीं मराठ्यांचें राज्य चालविलें. मोंगलांचा मुलूख घेतला, गोव्यांतून पोर्तुगीज हांकलले, लंकेंतून डच हांकलले. सारा हिंदुस्थान एका रंगाचा झाला!" तो संगणकावरील खेळाविषयीं बोलत आहे हें ध्यानांत यावयास मला क्षणभर वेळ लागला. मीं विचारलें, "शाबास! पण रयतेचें कसें काय?" तो म्हणाला, "कर वाढविला कीं रयत रागावते, सर. मग थोडा कर कमी करावयाचा. ती पुन्हां गप्प बसते." मुलगा हुशार आहे आणि मनाचाही चांगला आहे. परंतु त्याचें तें उत्तर माझ्या मनांतून कांहीं केल्या जाईना. म्हणूनच हा लेख लिहावयास बसलों.

ज्या पालकांनीं हे खेळ पाहिले नसतील त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. बुद्धिबळाचा पट चौसष्ट घरांचा. ह्या खेळांचा पट म्हणजे पृथ्वीचा नकाशा. खेळणारानें एखादें राष्ट्र निवडावयाचें, गलबतें पाठवावयाचीं, वसाहती वसवावयाच्या, फौज उभारावयाची आणि नकाशावर आपला रंग पसरवीत जावयाचें. 'कॉलनायझेशन' हा खेळ १९९४ सालीं अमेरिकेंत निघाला. त्यांत इंग्रज, फ्रेंच, डच किंवा स्पॅनिश होऊन नव्या जगांत वसाहत स्थापावयाची असते. 'एज ऑफ एम्पायर्स' मालेंतील तिसरा खेळ २००५ चा; त्याच्या २००७ च्या पुरवणींत हिंदुस्थान आला आणि १८५७ च्या उठावावर रचलेली एक मोहीमही आली. २००९ सालचा 'एम्पायर : टोटल वॉर' हा इंग्लंडांत तयार झाला, त्यांत अठराव्या शतकांतील मराठ्यांचें राज्य चालवावयास मिळतें. आमचा विद्यार्थी खेळला तो हाच.

हे खेळ टाकाऊ आहेत असें मी म्हणणार नाहीं. ज्या मुलास भूगोलाच्या तासाला मच्छलीपट्टण कोठें आहे हें दाखवितां येत नव्हतें, तो आतां बंदर हातीं नसल्यास व्यापार कसा अडतो तें मलाच समजावून देतो. खजिना रिकामा असतां फौज उभी राहत नाहीं, दूरच्या मुलखास कुमक वेळेवर पोंचत नाहीं, हें पाठ्यपुस्तकाच्या दहा पानांनीं जें साधत नाहीं तें एका संध्याकाळीं साधतें. मराठ्यांच्या बाजूनें इतिहास उलटा फिरवून पाहण्यांत मुलांस जो आनंद होतो, तोही मी समजूं शकतों. माझा आक्षेप खेळावर नाहीं. खेळ जें मोजीत नाहीं तें जगांत नव्हतेंच, असें मानण्याची जी संवय त्यांतून जडते, तिच्यावर माझा आक्षेप आहे.

ह्याचें उदाहरण शोधावयास दूर जावयास नको. आपलें नागरा व आसपासचा हा सारा धानाचा मुलूख एके काळीं नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत होता. नोव्हेंबर १८१७ मध्यें सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला आणि राज्याची खरी किल्ली कंपनीच्या रेसिडेंटाच्या हातीं गेली. पुढें ता. ११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीनें दत्तकाचा हक्क मानला नाहीं आणि १८५४ सालीं राज्य खालसा केलें. खेळाच्या भाषेंत बोलावयाचें तर एकाच चालींत, एकही लढाई न करतां, एवढा मोठा प्रदेश नकाशावर तांबडा झाला. डलहौसीनें आपल्या टिपणांत इंग्लंडच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसाचाही विचार मांडला होता. पटावरील प्रांतावर जसें कापसाच्या बोंडाचें चिन्ह दिसावें, तसें त्यास आमच्या मुलखावर दिसत होतें.

परंतु ज्यांच्या घरावर ती चाल पडली त्यांचें काय झालें? राजवाड्यांतील हत्ती, घोडे व बैल बाहेर काढून लिलावांत विकण्यांत आले. जवाहीर विक्रीसाठीं कलकत्त्यास रवाना झालें. वृद्ध बांकाबाई व इतर राण्या यांस आपल्याच वाड्यांतील वस्तूंवर बोली लागलेली ऐकावी लागली. ही झाली राजघराण्याची गोष्ट. त्या दरबारावर पोट भरणारे शिपाई, कारागीर व विणकर यांची तर नोंदही विशेष कोणी ठेविली नाहीं. ज्या दरबारानें शेले-पागोटीं विकत घ्यावयाचीं तो दरबारच उठला, तेव्हां विणणाऱ्याच्या चुलीवर काय शिजलें असेल? हा आकडा पडद्याच्या कोपऱ्यांत कधींच येत नाहीं.

तीच गोष्ट आगगाडीची. खेळांत लोहमार्ग टाकला कीं उत्पन्नाचा आकडा वाढतो आणि गोष्ट तेथेंच संपते. आपल्या भागांत नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग १८८० नंतरच्या वर्षांत झाला. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो घेऊन रुंद केला. त्याचा लाभ गोंदियास आजही मिळत आहे, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. तथापि १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांत मध्यप्रांतांत माणसें अन्नावांचून मेलीं तेव्हां आगगाडी धांवतच होती. गाडी धान्य आणते तशी नेतेही. आणि ज्याच्या गांठीं पैसा नाहीं, त्याच्यापुढें धान्यानें भरलेली वाघीण उभी असली तरी ती त्याला रिकामीच. माझी पणजी ह्या दुसऱ्या दुष्काळांत आईबापांवांचून उरली व मिशनच्या अनाथाश्रमांत वाढली. कोणत्या तरी तक्त्यांत ती एक आकडा असेल. आमच्या घरीं मात्र, ताटांत भाताचें एक शीतही टाकूं न देणारी बाई, अशी तिची आठवण आहे.

येथें एका अवघड प्रश्नाकडे यावें लागतें. त्याच विद्यार्थ्यानें कांहीं दिवसांनीं भर वर्गांत विचारलें, "सर, 'कॉलनायझेशन' मध्यें मिशनरी हेंही एक प्यादें आहे. त्यास मूळच्या लोकांच्या गांवीं पाठविलें कीं त्यांचा राग कमी होतो, आणि धर्म बदललेले लोक आपल्या शेतावर कामाला येतात. खरोखर असेंच होत असे काय?" वर्ग एकदम शांत झाला, कारण मी ख्रिस्ती आहें हें सर्वांस ठाऊक आहे. मीं उत्तर दिलें तेंच येथें लिहितों. होय, स्पॅनिश लोकांच्या अमेरिकेंत क्रूस आणि तलवार पुष्कळदां एकाच गलबतांतून उतरलीं. आपल्या देशांतही साम्राज्य म्हणजे ईश्वराची देणगी, असें मानणारे मिशनरी पुष्कळ होते. हें लपवून आमच्या धर्माचा मान वाढणार नाहीं.

परंतु प्याद्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धि नसते, माणसाला असते. त्या गलबतांतून बार्तोलोमे दे लास कासास हाही आला होता, आणि त्यानेंच आपल्या देशबांधवांच्या क्रूरपणाचा पाढा राजापुढें वाचला. हिंदुस्थानांत तर १८१३ पूर्वी कंपनी सरकारास मिशनरी नकोच होते. व्यापारास धोका येईल ही त्यांची भीति. म्हणून विल्यम केरी यास १८०० सालीं डेन्मार्कच्या ताब्यांतील श्रीरामपुरास आसरा घ्यावा लागला, आणि तेथूनच १८०५ सालीं त्याचें मराठी व्याकरण निघालें. स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आला तेव्हां गादीवर भोसलेच होते. त्यानें शाळा काढली आणि गोंड लोकांच्या कथा-गीतें त्यांच्या तोंडून ऐकून लिहून ठेविलीं. त्याच्या मृत्यूनंतर १८६६ सालीं तीं प्रसिद्ध झालीं. ह्या दोन्ही बाजू ज्याला ठाऊक आहेत, तो कोणासही प्यादें म्हणतांना थोडा थांबेल.

कोणी म्हणेल, "खेळ तो खेळ; त्यांत एवढें काय?" पण खेळ रचणारांसही हें आतां पटूं लागलें आहे. 'कॉलनायझेशन' मध्यें ऊस, तंबाखू, कापूस सर्व आहे. ज्यांच्या घामावर ते मळे उभे राहिले ते आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम मात्र नाहींत, ही उणीव अनेकांनीं दाखविली आहे. उलट 'एज ऑफ एम्पायर्स' च्या तिसऱ्या खेळाची नवी आवृत्ति २०२० सालीं निघाली, तींत अमेरिकेंतील दोन मूळच्या राष्ट्रांचीं परक्यांनीं रूढ केलेलीं नांवें काढून हौडेनोसौनी व लाकोटा हीं त्यांचीं स्वतःचीं नांवें घालण्यांत आलीं. लहानशी गोष्ट, पण ज्याचा मुलूख घेतला त्याचें नांव तरी नीट घ्यावें, एवढें शहाणपण त्यांत आहे.

म्हणून पालकांस माझी विनंती अशी कीं, मुलाच्या हातांतील खेळ हिसकावून घेण्यापूर्वी एकदां त्याच्याशेजारीं बसावें व विचारावें, "बाळ, हें गांव तूं घेतलेंस, तेथें कोण राहत होतें?" उत्तर येणार नाहीं, पण प्रश्न त्याच्याजवळ राहील. आणि विद्यार्थ्यांनों, तुम्हीं खेळा, अवश्य जिंका. परंतु मराठ्यांचा झेंडा लावला म्हणून दुसऱ्याचें शेत तुडविणें पुण्याचें होत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवा. वंग देशांत मराठी फौजांनीं केलेल्या स्वाऱ्या नागपूरकर भोसल्यांच्याच होत्या, आणि तेथील आया मुलांस निजवितांना अजून बारगिरांची आठवण काढतात. जो दुःख केवळ आपलेंच मोजतो, त्याचा इतिहासाचा अभ्यास अर्धाच राहिला.

पुढील वर्षाच्या अंकासाठीं एक काम सुचवितों. महाशिवरात्रीस नागऱ्याच्या जुन्या शिवमंदिराकडे दर्शनास जाल, तेव्हां घरांतील वडीलधाऱ्या माणसांस विचारा कीं, त्यांच्या आजा-पणजांनीं दुष्काळ, सारा व वेठ यांविषयीं काय सांगितलें होतें. तें जसेंच्या तसें लिहून आणा. तो खेळ कोणी अजून तयार केलेला नाहीं. त्याचा पट तुमच्याच घरीं आहे.