घंटा वाजली म्हणजे कंपनी सुटली?

विमान पडलं की दोन तासांत टीव्हीवर निकाल तयार असतो. पायलटची चूक! पुरावा काय, तर "कॉकपिटमध्ये वॉर्निंग वाजत होती ना." माझा आक्षेप याच वाक्यावर आहे.

मी पायलट नाही. पण कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये पंधरा वर्षं काढलीत. एकदम दहा अलार्म आले की माणूस पहिलं काय करतो, सांगू? आवाज बंद करायचं बटण दाबतो. विचार नंतर. तुम्हीही तेच कराल.

आता १ जून २००९ घ्या. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्स ४४७. अटलांटिकवर रात्री वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला. तिथून समुद्रात आदळेपर्यंत ४ मिनिटं २३ सेकंद. स्टॉलची, म्हणजे पंखांना हवेचा आधार उरला नसल्याची वॉर्निंग एका टप्प्यात सलग ५४ सेकंद ओरडत होती. पायलटांपैकी कुणी तिचं नावही काढलं नाही. नाक वर खेचत राहणं चूकच होती, ते मी नाकारत नाही. पण पुढचं ऐका. मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला की कॉम्प्युटर आकडे बाद धरायचा आणि वॉर्निंग गप्प. पायलटने नाक खाली केलं, म्हणजे बरोबर केलं, की पुन्हा बोंब सुरू! बरोबर वागलं की ओरडा, चुकीचं वागलं की शांतता. २२८ माणसं गेली.

बोइंग ७३७ मॅक्सचं तर विचारूच नका. एमकॅस नावाची यंत्रणा नाक आपोआप खाली दाबते. ती उगाच चालू झाली तर पायलट काही सेकंदांत ओळखून सावरेल, असं कंपनीने धरून चाललं. सिम्युलेटरवर तपासलं तेही एवढीच एक अडचण देऊन. प्रत्यक्षात एक सेन्सर बिघडला आणि हँडल थरथरायला लागलं, वेग जुळेना, उंची जुळेना, सगळं एकाच वेळी. लायन एअर २०१८, इथिओपियन २०१९. दोन्ही मिळून ३४६.

घंटाच नको असं म्हणत नाहीये मी. १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमानं आदळून ३४९ जण गेले, त्यानंतर आपल्याकडे टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. योग्यच झालं. पण प्रत्येक अपघातानंतर एक घंटा वाढवायची आणि बाकीच्या घंटांबरोबर ती वाजली तर माणसाचं काय होईल, हे बघायचंच नाही?

अमेरिकेने २०२० मध्ये कायदा केला. यापुढे मान्यता मिळणाऱ्या प्रवासी विमानात वॉर्निंगची क्रमवारी लावून पायलटला मदत करणारी यंत्रणा हवी. मुदत डिसेंबर २०२२. मुदत आली आणि तिथल्या काँग्रेसने मॅक्स ७ आणि मॅक्स १० ला त्यातून मोकळं केलं. बदल्यात ज्या अटी घातल्या त्यातली एक अशी, की खोटी स्टॉल वॉर्निंग पायलटला बंद करता आली पाहिजे.

म्हणजे आमच्या कंट्रोल रूममधलं तेच बटण.