कादिसियाचं स्टेटस, चौलचा वारसा

कादिसियाच्या लढाईचे रील सध्या आपल्या पोरांच्या स्टेटसवर फिरताहेत. घोडे, तलवारी, मागे नशीद आणि खाली ओळ: ‘आपण इराण जिंकला.’ यातले ‘आपण’ कोण? लालबाग-परळमध्ये वाढलेला, गाव रत्नागिरी-रायगडात असलेला मुलगा ७व्या शतकातल्या अरब फौजेचा वारस कसा?

त्या विजयाची किंमत कोणी मोजली तेही बघा. ज्या ससानी घराण्याचं राज्य तेव्हा बुडालं, त्याचं नाव गिरगावाजवळ धोबीतलावच्या ‘ससानियन’ बेकरीच्या पाटीवर आजही आहे. दादर पारशी कॉलनीतल्या लोकांचे पूर्वज इराण सोडून गुजरातच्या किनाऱ्यावर आले. सगळ्या इराणला तलवारीच्या धाकाने बाटवलं, हे खरं नाही. ते धर्मांतर काही शतकं चाललं. पण जुन्या धर्मावर राहिलेल्यांना जिझिया भरावा लागला. तिथल्या झरतुष्ट्रींवरचा जिझिया उठला थेट १८८२ मध्ये. त्यासाठी झटले माणेकजी लिमजी हातरिया, ज्यांना मुंबईच्या पारशांनी १८५४ साली इराणला पाठवलं होतं.

आणि ज्यांनी इस्लाम स्वीकारला? त्यांना ‘मवाली’ म्हणत. परळमध्ये ही शिवी आहे. तेव्हा अर्थ होता, अरब कबिल्याच्या आश्रयाला असलेला माणूस. उमय्या राजवटीत अनेक ठिकाणी कलमा पढल्यावरही त्यांच्याकडून जिझिया वसूल होत राहिला. दीन समतेचा, पण खजिना आटता कामा नये! हा अन्याय थांबवण्याचा हुकूम खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ (७१७-७२०) यांनी काढला. अभिमानच बाळगायचा तर या हुकमाचा बाळगा.

आपल्या किनाऱ्याचं बघा. ९व्या शतकातला इतिहासकार बलाझुरी लिहितो की ६३६च्या सुमारास बहरीन-ओमानच्या सुभेदाराने ठाण्यावर आरमार धाडलं. हजरत उमर खूश झाले नाहीत, संतापले. न विचारता माणसं समुद्रात लोटलीस, ती बुडाली असती तर तितकी माणसं तुझ्या कबिल्याकडून वसूल केली असती, अशी त्यांनी तंबी दिली. खलिफाला आधी शिपायाचा जीव दिसला. रीलमध्ये तो शिपाई कुठेच नसतो.

कोकणात इस्लाम रुजला तो त्या आरमारामुळे नाही. मसूदी हा प्रवासी ९१६च्या सुमारास चौलला आला तेव्हा तिथे राष्ट्रकूटांच्या राज्यात १०,००० च्या आसपास मुसलमान राहत होते. काही घरांत अरब पूर्वजांची आठवण असेलही. पण ते गलबतातून माल घेऊन आलेले लोक होते. काहींनी इथेच संसार थाटले, त्यांची मुलं इथलीच झाली.

‘तुम्ही आक्रमकांची औलाद’ असं कोणी तोंडावर फेकलं, तर आपलं उत्तर चौल आहे. पण स्टेटसवर कादिसिया ठेवून हे उत्तर देता येत नाही. समोरचा म्हणेल, तुम्हीच तर सांगताय. जी लढाई आपण लढलोच नाही तिची फुशारकी मारायची आणि तिचाच ठपका आपल्यावर आला की रडायचं, हे दोन्ही एकाच वेळी चालणार नाही. आधी ते स्टेटस काढा.