आजोबांना फिरायला न्यायचंय, पण हॉटेल तयार आहे का?

कॅफेत टॉयलेटच्या एका दारावर मिशी, दुसऱ्यावर ओठ. आपल्याला गंमत वाटते. पण डिमेन्शिया म्हणजेच स्मृतिभ्रंश असलेले आजोबा त्या दारांसमोर गोंधळून उभे राहतात. मागून कुणीतरी खेकसतं. घरी आल्यावर ठरतं, 'आता यांना बाहेर न्यायला नको.'

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. त्यांचं फिरणं अनेकदा आजारामुळे नाही, तर अशा प्रसंगांच्या धास्तीने थांबतं.

अडचण नेमकी कुठे येते?

डिमेन्शियात फक्त आठवण जात नाही. डोळ्यांना दिसतं, पण मेंदू त्याचा अर्थ वेगळा लावू शकतो.

- दारातलं काळं पायपुसणं खड्ड्यासारखं वाटतं, चकचकीत फरशी ओली वाटते. मग पाऊल उचलत नाही.
- मोठ्या आवाजातली गाणी आणि गर्दी यामुळे जीव घाबरतो.
- क्यूआर कोडचा मेन्यू, कार्ड घातल्याशिवाय न लागणारे दिवे समजत नाहीत.
- पत्नीला सांभाळणारे आजोबा लेडीज टॉयलेटमध्ये सोबत जाऊ शकत नाहीत.

उपाय महाग आहेत का?

बहुतेक नाहीत. ठळक अक्षरांत 'शौचालय' अशी पाटी आणि साधं चित्र, छापील मेन्यू, रात्री बाथरूममध्ये दिवा, कोपऱ्यातलं शांत टेबल. स्टाफला एवढंच शिकवायचं, की एका वेळी एकच प्रश्न विचारा, उत्तराची वाट बघा आणि सोबतच्या माणसाशी नाही, थेट आजोबांशी बोला.

लंडनच्या गॅटविक विमानतळाने २०१६ मध्ये सूर्यफुलांचं चित्र असलेली हिरवी पट्टी सुरू केली. ती गळ्यात दिसली की, या प्रवाशाला जास्त वेळ लागेल हे कर्मचाऱ्यांना न सांगता कळतं. बेंगळुरू विमानतळानेही ही पद्धत स्वीकारली आहे.

महाराष्ट्रात काय?

राज्य सरकारने २०२४ मध्ये ६० वर्षांवरील नागरिकांसाठी 'मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना' आणली. ७५ वर्षांवरच्यांना सोबत सहाय्यक नेता येतो, ही चांगली तरतूद. पण अर्जदार शारीरिक आणि मानसिकदृष्ट्या प्रवासाला सक्षम असावा, अशीही अट आहे. सुरक्षेसाठी अट समजण्यासारखी आहे. पण डिमेन्शियाच्या सुरुवातीच्या टप्प्यात असलेली, सोबत माणूस असेल तर आरामात पंढरपूरला जाऊन येणारी आजी यात कुठे बसते?

व्यावसायिकांनी का लक्ष द्यावं?

आपल्याकडे सहल कुटुंबाची असते. आजीला जमणार नसेल, तर अनेकदा सगळ्यांचंच बुकिंग रद्द होतं. जिथे आजीला सांभाळून घेतलं, तिथे तेच कुटुंब पुन्हा येतं.

पुढच्या वेळी बुकिंग करताना पार्किंग आणि ब्रेकफास्टसोबत आणखी एक प्रश्न विचारा: 'आमच्या आजोबांना विसरायला होतं. तुम्ही काय मदत करू शकाल?' गिऱ्हाईक विचारू लागलं, की पाट्या बदलतात.