मालक की विश्वस्त?

संग्राहक या प्राण्याकडे आपण नेहमी अर्ध्या कौतुकाने आणि अर्ध्या थट्टेने पाहत आलो आहोत. जुनी नाणी जमवणाऱ्याविषयी आपण म्हणणार, 'याच्या पेटीत साऱ्या बादशहांची नाणी आहेत, वाण्याला देण्याजोगे मात्र एकही नाही!' अडकित्ते, अत्तरदाण्या, दौती, पोस्टाची तिकिटे. ज्याला जो नाद लागायचा तो लागतो आणि घरची माणसे कपाळाला हात लावून बसतात. नाद निरुपद्रवी आहे एवढे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. माझे मत थोडे निराळे आहे. संग्रह ही एक जबाबदारी आहे आणि ती पाळली गेली नाही तर समाजाचे खरेखुरे नुकसान होते. हे सांगण्यासाठी मी जे उदाहरण घेणार आहे ते मात्र नाण्या-तिकिटांचे नाही. ते आहे ब्रिटनमधील आरंभीच्या पंक संगीताच्या दुर्मीळ तबकड्यांचे.

वाचक दचकतील हे मी जाणून आहे. ख्याल-ठुमरीवर आणि नाट्यपदांवर पोसलेल्या आपल्या बडोद्याच्या कानांना पंक म्हणजे निव्वळ आरडाओरडा. तो गोड लागतो असा दावा मीही करणार नाही. परंतु माझा एक भाचा गेली कित्येक वर्षे लीड्सला असतो. त्याला या तबकड्यांचा नाद आहे, आणि त्याच्याकडे मुक्काम असताना दोन-तीन संध्याकाळी मला त्या ऐकाव्या, खरे म्हणजे पाहाव्या लागल्या. 'मामा, आधी वेष्टन वाचा, गाणे मागाहून,' असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर होते. गाण्याने जे सांगितले नाही ते वेष्टनाने सांगितले.

१९७६ पर्यंत ध्वनिमुद्रिका काढणे हे बहुतांशी बड्या कंपन्यांचे काम होते. 'द डॅम्ड' या गटाची 'न्यू रोज' ही ब्रिटिश पंकमधील पहिली तबकडी मानतात. ती २२ ऑक्टोबर १९७६ रोजी 'स्टिफ' नावाच्या एका छोट्या कंपनीने काढली. पुढच्याच महिन्यात 'सेक्स पिस्टल्स'ची पहिली तबकडी आली ती ई. एम. आय. कंपनीकडून; म्हणजे भोंग्यासमोर कान टवकारून बसलेल्या कुत्र्याचे चित्र आपल्या घराघरांत पोचवणाऱ्या त्याच घराण्याकडून. येथवर सारे रीतीप्रमाणे चालले होते. रीत मोडली ती मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या पोरांनी. त्यांनी इष्टमित्रांकडून आणि घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेतले, 'न्यू हॉर्मोन्स' असे नाव देऊन स्वतःच कंपनी काढली आणि जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी बाजारात आणली. पहिल्या १,००० प्रती खपतील की नाही ही धास्ती होती. पुढे सुमारे १६,००० खपल्या. वेष्टनाच्या मागे प्रत्येक गाणे कितव्या प्रयत्नात उतरले तेही छापलेले होते. आपल्याकडे एखाद्या बुवांनी 'ही चीज मला तिसऱ्या खेपेस जमली' असे तबकडीवर छापले असते काय?

त्याच वर्षी लंडनमधील 'डेस्परेट बायसिकल्स' नावाच्या गटाने याच्याही पुढची मजल मारली. डाल्स्टन भागातील एक स्टुडिओ तीन तासांसाठी भाड्याने घेऊन त्यांनी आपली पहिली तबकडी मुद्रित केली. एकूण खर्च १५३ पौंड. हा आकडा त्यांनी आपल्या दुसऱ्या तबकडीच्या वेष्टनावर छापला आणि ऐकणाऱ्यालाच विचारले की, तुम्ही अजून आपली तबकडी का काढली नाहीत? १९७८ मध्ये 'स्क्रिटी पोलिटी' या गटाने तर मुद्रण, छाप, लेबल यांचा खर्च कलमवार वेष्टनावर मांडला. लग्नाच्या पंगतीचा खर्च कोणी लग्नपत्रिकेवर छापत नाही. या पोरांनी तो छापला. पैशाचे गुपित उघड केले म्हणजे धैर्याचेही गुपित उघड होते, हे त्यांना पक्के कळले होते.

अशा तबकड्या शेकड्यांच्या किंवा फार तर थोड्या हजारांच्या संख्येने निघत. वेष्टने घरी बसून हातांनी दुमडायची, तबकड्या पिशवीत भरून लंडनमध्ये १९७६ साली निघालेल्या 'रफ ट्रेड'सारख्या दुकानात नेऊन ठेवायच्या, आणि एक प्रत बी. बी. सी.वरील जॉन पील यांना टपालाने धाडायची. नशीब असेल तर ती रात्री रेडिओवर वाजे. बेलफास्टमध्ये टेरी हूली या दुकानदाराने रक्तपाताच्या त्या काळात 'गुड व्हायब्रेशन्स' नावाचे दुकान मांडले होते. १९७८ मध्ये त्याच नावाने त्याने काढलेली पहिली तबकडी 'रूडी' या गटाची. त्याच साली त्याने डेरीच्या 'अंडरटोन्स'ची 'टीनेज किक्स' काढली. ती पील यांनी लागोपाठ दोनदा वाजवली आणि त्या गटाचे नाव झाले. 'रूडी'चे नाव मात्र आज शौकिनांच्याच तोंडी आहे. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वस्त्यांतील मुले ज्या शहरात एकमेकांच्या गल्लीत जायला धजत नसत, तेथे ती एका गाण्यासाठी एका खोलीत जमत होती. याचा पुरावा सरकारी दप्तरात कितीसा सापडणार? तो त्या दुमडलेल्या कागदात आणि सात इंची प्लास्टिकमध्ये आहे. म्हणून अपयशी गटांच्या तबकड्या जमवणाऱ्याला मी वेडा म्हणायला तयार नाही. यशस्वी गाण्याची काळजी बाजार घेतो. अयशस्वी गाण्याला संग्राहकावाचून वाली नाही.

आता दुर्मीळपणाविषयी. भाच्याच्या संग्रहावरून नजर फिरवताना माझ्या ध्यानात आले की, या एका शब्दाखाली आपण भिन्न गोष्टी कोंबतो. एक तबकडी दुर्मीळ असते ती मुळातच थोडी निघाली म्हणून. वर सांगितलेल्या कितीतरी तबकड्या अशा आहेत. दुसरी दुर्मीळ होते ती नष्ट केली म्हणून. 'सेक्स पिस्टल्स'ने १० मार्च १९७७ रोजी बकिंगहॅम राजवाड्यासमोर मेज मांडून 'ए अँड एम' कंपनीच्या करारावर समारंभपूर्वक सह्या केल्या. सहा दिवसांत कंपनीने करार मोडला. 'गॉड सेव्ह द क्वीन'च्या सुमारे २५,००० प्रती छापून झाल्या होत्या, त्या जवळजवळ साऱ्या नष्ट करण्यात आल्या. ज्या थोड्या वाचल्या त्यांतील एकेका प्रतीला लिलावात १०,००० पौंडांहून अधिक किंमत आलेली आहे. गंमत अशी की, दुसऱ्या कंपनीने त्याच वर्षीच्या मे महिन्यात काढलेले तेच गाणे कोणालाही कवडीमोलाने ऐकता येते. म्हणजे त्या हजारो पौंडांत गाण्याचा वाटा जवळजवळ नाहीच. किंमत आहे ती कंपनीच्या घाबरटपणाची.

आणि तिसरा एक दुर्मीळपणा आहे, तो मालक निर्माण करतो. तबकडी हाती येते. मग लेबलाच्या कडेला रिकाम्या पट्टीत कोरलेली अक्षरे भिंगाने तपासली जातात. जॉर्ज पेकहॅम नावाचा कारागीर तेथे आपल्या हाताने 'ए पॉर्की प्राइम कट' असे खरवडून ठेवी, ते आहे की नाही? पहिल्या छापाची आहे की दुसऱ्या? कागदाला घडी पडली आहे काय? येथपर्यंत ती विद्या आहे आणि तिचा मला आदर वाटतो. पण त्यानंतर तबकडी पिशवीत, पिशवी पेटीत आणि पेटी कुलपात जाते. झीज होईल म्हणून सुई लावायची नाही, आणि नक्कल झाली तर भाव उतरेल म्हणून कोणाला ऐकवायचेही नाही. पहिले दोन दुर्मीळपणे इतिहासाने घडवले. त्याबद्दल कोणाला दोष देता? हा तिसरा मात्र निखालस दोषास्पद आहे. ज्या पोरांनी खर्चाचा आकडासुद्धा झाकून ठेवला नाही, त्यांचा आवाज झाकून ठेवणे ही त्यांच्याशी प्रतारणा आहे.

यावर काहीजण दुसरे टोक गाठतात. 'सेक्स पिस्टल्स'चे व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरेन आणि वेशकार व्हिव्हियन वेस्टवुड यांचे चिरंजीव जो कोरे यांनी २६ नोव्हेंबर २०१६ रोजी, त्या गटाच्या पहिल्या तबकडीला ४० वर्षे झाली त्या दिवशी, आपल्याजवळचा पंक काळातील संग्रह थेम्स नदीतील नावेवर जाळून टाकला. त्याची किंमत ५० लाख पौंड असल्याचे त्यांनी सांगितले. बंडाची वस्तू प्रदर्शनात मांडून तिचे लोणचे घालू नये, हा त्यांचा राग मला समजतो. पण जाळल्याने काय साधले? कुलपातील तबकडी ऐकू येत नाही आणि राखेतलीही येत नाही. उलट जगात त्या वस्तू आणखी कमी झाल्या आणि उरलेल्यांचे मालक मनातून खूषच झाले असतील.

संग्राहकांच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ब्रिटनमध्ये छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात देणे कायद्याने बंधनकारक आहे. ध्वनिमुद्रिकेला तो कायदा लागू नाही. पॅट्रिक सॉल नावाचा एक तरुण बाजारातून नाहीशी झालेली एक तबकडी ऐकायला मिळेल या आशेने ब्रिटिश म्युझियममध्ये गेला, तेव्हा तेथे तबकड्या ठेवतच नाहीत हे ऐकून तो थक्क झाला. पुढे १९५५ मध्ये त्याच्याच खटपटीने तेथील ध्वनिमुद्रित-संग्रहाची संस्था उभी राहिली आणि १९८३ मध्ये ती ब्रिटिश लायब्ररीत सामील झाली. तेव्हा सरकार जे मागत नाही ते सांभाळणारा शेवटी हौशी माणूसच. आणि भाव आला नसता तर कितीतरी तबकड्या घरे रिकामी करताना कचऱ्यात गेल्या असत्या, हेही खरे. पैसा राखणदार म्हणून वाईट नाही. पण राखणदाराने धन्याच्या गादीवर बसू नये.

ते कसे टाळावे याचेही उदाहरण या क्षेत्रातच आहे. चक वॉर्नर या अमेरिकन संग्राहकाने 'मेस्थेटिक्स' या नावाने एक मालिका काढली. ब्रिटनमधील त्या काळच्या अनोळखी, घरगुती तबकड्या शोधून त्याने त्या पुन्हा लोकांपुढे आणल्या. गटांतील माणसांची माहिती मिळवली. कोण कोठे वाजवत होते ते लिहून ठेवले. त्याच्याजवळच्या मूळ प्रतींना त्यामुळे काही उणे आले नाही. हा मालक नव्हे, विश्वस्त.

आता कोणी म्हणेल, लंडन-बेलफास्टच्या या कहाणीशी आपल्याला काय कर्तव्य? मला वाटते, पुष्कळ आहे. आपल्या गावात मौलाबक्षांची संगीतशाळा १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने निघाली. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ यांनी १९०९ मध्ये कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीसाठी गायिलेली गाणी सुदैवाने टिकली आणि ती पुन्हा प्रकाशितही झाली. पण दरबारात आणि नाटक कंपन्यांत गायिलेली सारीच माणसे अशी भाग्यवान नव्हती. कोणाच्या दोनच तबकड्या निघाल्या, कोणाची एकच. आपल्याकडेही १९५४ चा कायदा पुस्तके मागतो, तबकड्या मागत नाही. त्यांतल्या कितीतरी आज आपल्याच जुन्या घरांत, माळ्यावरच्या ट्रंकेत, कदाचित पितळी भांड्यांच्या खाली पडलेल्या असतील. त्या लाखेच्या आहेत. प्लास्टिकसारखी त्यांना पडझड सोसत नाही. एक हात निसटला की एक गळा संपला.

मुंबईत भारतीय ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची एक संस्था १९९० पासून उभी राहिली, ती याच जाणिवेतून. पण प्रत्येक वेळी मुंबईच कशाला हवी? घरातील तबकड्यांची साधी यादी करावी: गाणाऱ्याचे नाव, गाण्याचे बोल, कंपनी, लेबलावरील क्रमांक आणि शेवटच्या पट्टीत कोरलेला आकडा. जाणत्या माणसाकडून त्यांची ध्वनिप्रत करून घ्यावी. मूळ तबकडी खुशाल आपल्याच कपाटात, उभी आणि कोरडी ठेवावी. तिच्यावरचा आपला हक्क कोणी नाकारत नाही. फक्त वर्षातून एखाद्या संध्याकाळी चार माणसे बोलावून ती ऐकवावी आणि ती घरात कशी आली हे नातवंडांना सांगावे. खर्च १५३ पौंडांहून पुष्कळच कमी येईल.