मंडईत म्युऑन

दिवाळीनंतर भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते; दंडार, खडी गंमत, झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. कणभौतिकीला यापेक्षा जागा प्रेक्षक मिळणे अवघड. असे प्रयोग झालेही आहेत: ब्रिटनच्या वोमॅड संगीत महोत्सवात 2016 साली भौतिकीचा मांडव पडला. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात 2019 साली ‘विज्ञान समागम’ हे प्रदर्शन भरले. पण नुसत्या फलकांवर भागत नाही, प्रेक्षकाला खेळात ओढावे लागते.

भौतिकशास्त्रज्ञ होमी भाभा आणि हाइटलर यांनी 1937 साली उलगडलेला, अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा वर्षाव तर पटांगणातच उभा करता येतो. इलेक्ट्रॉनातून फोटॉन, फोटॉनातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी. दर पायरीला गडी दुप्पट, सहाव्या पायरीला चौसष्ट! वाटून वाटून ऊर्जा संपली की खेळ थांबतो.

याच विश्वकिरणांच्या वातावरणाच्या वरच्या थरातील टकरींतून निघणारे म्युऑन नावाचे कण सरासरी 2.2 मायक्रोसेकंदच जगतात. या हिशेबाने साडेसहाशे मीटरांतच त्यांचा निकाल लागायला हवा. तरी सुमारे 15 किलोमीटर उंचीवरून ते जमिनीवर पोहोचतात, कारण प्रचंड वेगामुळे त्यांचे घड्याळ आपल्या लेखी मंदावते. शाहिराच्या सवाल-जवाबाला एवढा मसाला पुरेसा आहे. पुरावाही जवळच असतो: तळहातातून मिनिटाला शंभरेक म्युऑन आरपार जातात, आणि शुष्क बर्फावर ठेवलेल्या मद्यार्क-बाष्पाच्या पेटीत त्यांचे माग नुसत्या डोळ्यांनी दिसतात.