उस्तादांचा उजवा हात

गेल्या महिन्यात एका वलिम्याला गेलो होतो. जेवणं आटोपली, पान आलं, आणि मंडपाच्या कोपऱ्यात पन्नाशीतली चार-पाच माणसं जुन्या गोष्टींवर घसरली. विषय होता आमच्या मोहल्ल्यातला कॅरम क्लब आणि त्यातले उस्ताद. उस्तादांनी एका फटक्यात तीन गोट्या कशा घेतल्या, बालाघाटहून आलेल्या माणसाला कसा धुतला, क्वीन आणि कव्हर एकदम कसं पाडलं. सगळे खदखदून हसत होते. कुणीतरी म्हणालं, "आता तसे खेळाडू राहिले नाहीत, तसे दिवसही राहिले नाहीत." मीही हसलो. घरी येताना मात्र मला ते हसणं बोचायला लागलं, कारण त्या क्लबमधली एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

1992 च्या आसपासची गोष्ट. मी बारा वर्षांचा असेन. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं, आपला जिल्हा वेगळा झाला 1999 मध्ये. बालाघाटची छोटी लाईन चालू होती. क्लब म्हणजे टिनाचं छप्पर असलेली एक खोली. दोन कॅरम बोर्ड, वर लटकणारे दोनशेचे बल्ब, बोरिक पावडरचा डबा आणि बाजूला पानठेला. तासाचं भाडं हरणाऱ्यानं द्यायचं, हा पहिला नियम. म्हणजे एक पैसा न लावता बसलेला माणूसही पैशावरच खेळत होता, हे तेव्हा कुणाच्या लक्षात येत नसे. मग चहावर डाव, मग पानावर, मग पाच रुपयांवर. पायऱ्या इतक्या लहान होत्या की चढतोय हे कळतही नसे.

उस्ताद डावरे होते. डाव्या हातानं ते जे करायचे ते मी पुन्हा पाहिलेलं नाही. अंगठ्याचा फटका, मागच्या फ्रेमवरून उलट्या दिशेनं येणारा स्ट्रायकर, बेस लाईनवर अडकलेली गोटी अलगद सोडवणं. हुनर होताच, त्यात वाद नाही. पण बाहेरगावचा माणूस क्लबमध्ये शिरला की उस्ताद उजव्या हातानं खेळायचे.

मोहल्ल्यातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. आलेल्या पाहुण्याला तेवढं माहीत नसायचं.

त्या शनिवारी एक बिडी कामगार आला. आमगावकडचा कुठला तरी, वय पंचविशीच्या आतबाहेर. शनिवार म्हणजे हप्त्याचा दिवस. आठवडाभराच्या बिड्या सट्टेदाराकडे द्यायच्या, त्यातून छाट कापून जे उरतं ते खिशात घालून घरी जायचं. (बिडीच्या धंद्यात कंत्राटदाराला सट्टेदार म्हणतात, हे बाहेरच्यांना सांगितलं की गंमत वाटते. आम्हाला कधी वाटली नाही.) गाडीला वेळ होता म्हणून तो क्लबमध्ये डोकावला. उस्ताद उजव्या हातानं दोन डाव हरले, दोन चहा गेले. मग दहा रुपये लावले, तेही हरले. वीस लावले, हरले. त्या माणसाचा चेहरा फुलला होता. मग पैसे वाढले, आणि पैसे धरायला मला बसवलं. अब्बा नमाजी, शब्दाला पक्के, त्यांचा मुलगा म्हणजे भरवशाचा. लावलेले पैसे माझ्या मुठीत.

उस्तादांनी बोट दुखल्यासारखं केलं, हात झटकला आणि स्ट्रायकर डाव्या हातात घेतला.

अर्ध्या तासात 140 रुपये गेले. तो माणूस उठला, पायजम्याच्या खिशात हात घालून उभा राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बापू, तिकिटापुरते दे ना." मी उस्तादांकडे पाहिलं. त्यांनी पाच रुपये काढून दिले, वर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पुढच्या शनिवारी ये, बदला घे. तो गेला. मला पैसे धरल्याचे दोन रुपये मिळाले. मी त्याचं काय घेतलं ते आठवत नाही. त्याचा चेहरा आठवतो.

खोलीत तेव्हा दहा-बारा जण होते. त्यातले दोन त्या वलिम्यात माझ्या शेजारी बसून पान खात होते. एकानंही त्या दिवशी म्हटलं नाही की भाऊ, हा माणूस डावरा आहे. मीही म्हटलं नाही. बारा वर्षांच्या पोराला एवढं नक्की कळतं.

आणखी एक गोष्ट या आठवणींत कधीच येत नाही. उस्तादांच्या घरी बिड्या वळल्या जायच्या. त्यांच्या बेगम आणि दोन मुली सूप मांडीवर घेऊन दिवसभर तेंदूची पानं कापायच्या. म्हणजे एका बिडीवाल्याचा हप्ता जिंकून तो दुसऱ्या बिडीवालीच्या घरी जायचा. जायचा म्हणजे, गेला तर. बऱ्याचदा तो वाटेतच सट्टापट्टीत संपायचा. शिकारी माणूसही कुणाचा तरी बकरा असतोच. कॅरमवर कुणाला न हरणारे उस्ताद पानठेल्यावरच्या आकड्यापुढे रोज हरायचे.

या आकड्याचा इतिहास सगळ्यांना ऐकून माहीत आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर मुंबईत सट्टा लागायचा, तो 1961 मध्ये बंद पडला. 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, 1964 मध्ये रतन खत्री यांचा न्यू वरळी मटका आला. पत्त्यांतून तीन आकडे काढायचे, बेरीज करायची, शेवटचा आकडा तो ओपन. 4, 6 आणि 8 आले तर बेरीज 18, म्हणून 8. तसाच क्लोज. मी भाषेचा मास्तर, गणिताचा नाही, पण इथलं गणित चौथीचं आहे. शक्यता दहा आणि मिळणार एकाला नऊ. जोडीत शक्यता शंभर आणि मिळणार नव्वद. दहातला एक रुपया मटकेवाल्याचा, आणि जिंकलेले नऊही उद्या पुन्हा त्याच ठेल्यावर येणार. 1975 च्या 'धर्मात्मा' सिनेमातलं प्रेमनाथचं पात्र खत्रींवरून घेतल्याचं सांगतात. मटक्याच्या राजावर सिनेमा निघतो. आकडा लावणाऱ्याच्या बायकोवर कोण काढणार?

जुगाराला मोठेपणा चिकटवण्याची आपली सवय जुनीच आहे. मी वर्गात गालिब शिकवतो. 1847 मध्ये घरात जुगाराचा अड्डा चालवल्याबद्दल गालिबना सहा महिन्यांची शिक्षा झाली होती, तीनेक महिन्यांनी सुटका झाली. हे आम्ही उर्दूवाले एक तर सांगत नाही, किंवा सांगितलं तर लाडानं सांगतो. महाभारतातल्या द्यूताची गोष्ट मराठीच्या तासाला निघते तेव्हा मुलं म्हणतात, शकुनीनं फसवलं. बरोबर आहे. पण धर्मराजाला खेळायला बसवणारे, बघत बसणारे, मान खाली घालणारे सभेत किती होते? मला ती सभा वाचताना नेहमी टिनाच्या छपराची ती खोली दिसते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. वलिम्यातल्या मंडळींचं म्हणणं होतं की उस्तादांचा खेळ जुगार नव्हता, कारण त्यात हुनर होता. जुगार म्हणजे नशिबाचा खेळ. हा युक्तिवाद फक्त मोहल्ल्याचा नाही. आपल्या राज्यात लागू असलेला जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा आहे आणि केवळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमी हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. याच फटीतून पुढे रमीची आणि क्रिकेटच्या टीमची ॲप आली. मोठमोठे चेहरे जाहिरातीत, आणि खाली बारीक अक्षरांत इशारा.

मला हा फरकच फसवा वाटतो. पैसा लागला की कौशल्यानं जुगाराचं विष कमी होत नाही, वाढतं. नशिबाच्या खेळात निदान दोघंही आंधळे असतात. हुनरच्या खेळात एकाला दिसतं आणि दुसऱ्याला दिसत नाही. तो बिडी कामगार आकड्यावर हरला असता तर नशिबाला शिव्या दिल्या असत्या. कॅरमवर हरला म्हणून त्याला वाटलं असणार की आपण थोडे कमी पडलो, पुढच्या शनिवारी जमेल. हेच 'जमेल' माणसाला खातं.

आपल्याकडे 'मैसिर' शब्द सगळ्यांना माहीत आहे, त्यामागची पद्धत कमी जणांना. इस्लामपूर्व अरबस्तानात उंट कापून बाणांनी वाटे काढायचे, आणि जिंकलेलं मांस गरिबांना वाटायची रीत होती. म्हणूनच सूरह बकरामध्ये त्यात लोकांसाठी काही फायदेही असल्याचं मान्य केलं आहे, आणि गुनाह फायद्याहून मोठा असल्याचं सांगितलं आहे. सूरह माइदामध्ये कारण येतं तेव्हा पैसा बुडाल्याचा उल्लेख नाही. माणसामाणसांत वैर येतं आणि नमाज सुटते, हे तिथं सांगितलं आहे. दोन्ही बाजूंनी पैसा लागला की फिकहमध्ये तो किमार, मग बोट कितीही तरबेज असो. घोडदौड आणि तिरंदाजीबद्दल उलेमांची वेगळी चर्चा आहे, पण कॅरम क्लब काही जिहादाची तयारी करत नव्हता!

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला. त्यात कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला आहे. पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाईन खेळ पुरवला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. मला हे पटलं. त्याच्या महिनाभर आधी आपल्याच राज्याचे कृषिमंत्री विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला होता. त्यांनी तो नाकारला. त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. यावर मी काही बोलत नाही, सरकारी अनुदानावरचा मास्तर आहे.

पण कायद्यानं सगळं मिटलं असं मला दिसत नाही. 2023 च्या जुलैत गोंदियाचं नाव देशभर गाजलं. नागपूरच्या एका व्यापाऱ्याची ऑनलाईन जुगारातून सुमारे 58 कोटींनी फसवणूक केल्याचा गुन्हा इथल्या एकावर दाखल झाला, घरातून रोख, सोनं, चांदी जप्त झाली. तो व्यापारी आधी काही रक्कम जिंकलाही होता, असं बातम्यांत होतं. ते वाचलं आणि मला उस्तादांचा उजवा हात आठवला.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचंही तसंच झालं. रंग ओळखायचा खेळ, टेलिग्रामवरून आलेली लिंक. पहिल्या दिवशी शंभराचे तीनशे झाले. आठवड्यात त्यानं बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांना हात घातला, मग उधारीच्या ॲपवरून कर्ज. माझ्याकडे आला तेव्हा बावीस हजार गेले होते. म्हणाला, "सर, पॅटर्न समजला होता, फक्त शेवटी घाई झाली." मी त्याला विचारलं, घरी कुणाला सांगितलंस? म्हणाला, "कुणाला सांगू? अब्बू हराम म्हणून घराबाहेर काढतील, आणि दोस्त हसतील."

इथं माझी आपल्या लोकांशी तक्रार आहे. जुन्या जुगाऱ्याच्या गोष्टींवर आपण वलिम्यात टाळ्या देतो आणि आजच्या पोरावर दार बंद करतो. दार बंद झालं की ते पोर गेलेले पैसे परत मिळवायला पुन्हा त्याच ॲपवर जातं, कारण तिथं कुणी रागावत नाही. जुन्या क्लबचं कौतुक करणारे म्हणतात, तेव्हा निदान चार लोक बघत होते. हो, बघत होते. मीही बघतच होतो.

दुसरी तक्रार उलट टोकाची. जुगार नको म्हणून कॅरमच नको, असं आपल्याकडे सर्रास झालं आहे. मी शाळेसाठी दोन बोर्ड मागितले तेव्हा पालक सभेत एक गृहस्थ म्हणाले, मास्तर, पोरांना आवारा करायचंय का? मी त्यांना चेन्नईच्या काझिमाची गोष्ट सांगितली. रिक्षाचालकाची मुलगी, 2024 च्या कॅरम विश्वचषकात अमेरिकेत तीन सुवर्णपदकं घेऊन आली. गृहस्थ म्हणाले, ती तमिळनाडूची. आता यावर काय बोलणार. तीच मंडळी रमजानमध्ये तरावीहनंतर पोरं गल्लीत सेहरीपर्यंत कॅरम खेळतात तेव्हा काही म्हणत नाहीत.

बोर्ड शेवटी आले. एक मी घेतला, एक एका माजी विद्यार्थ्यानं दिला. शाळेत नियम एकच ठेवला आहे, हरणाऱ्यानं काहीही द्यायचं नाही, चहासुद्धा नाही. तो बावीस हजारवाला शनिवारी दुपारी येतो, लहान मुलांना फटके शिकवतो. घरी त्याच्या अम्मीला मीच सांगितलं, त्याला शेजारी बसवून. त्या खूप रडल्या, पण घराबाहेर कुणी काढलं नाही. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.

सहावीतला एक मुलगा डावरा आहे. हात फार सुंदर आहे त्याचा. परवा नवख्या मुलाशी खेळताना त्यानं गंमत म्हणून स्ट्रायकर उजव्या हातात घेतला, आणि मी वर्गाच्या दारातून इतक्या मोठ्यानं ओरडलो की सगळी मुलं दचकली. त्या बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही की सर का रागावले. या शनिवारी त्याला ही सगळी गोष्ट सांगणार आहे, दोन रुपयांसकट.